डॉक्टर, प्रतिकारशक्ती वाढवायचं काही द्या

पावसाळ्याच्या तोंडाशी या सदराकडे आलेल्या पत्रांत एक विनंती पुन्हापुन्हा दिसली: प्रतिकारशक्ती वाढवायचं काहीतरी सुचवा. मी तालुक्याच्या गावी लहान मुलांचा दवाखाना चालवते. तिथेही बाजाराच्या दिवशी लेकरू मांडीवर घेऊन बसलेल्या आया हेच मागतात. म्हणून या वेळी सर्दी, काटा, लस, कुत्रं, काढा आणि संधिवात अशी सहा पत्रं एकत्र घेतली आहेत. ही सगळी एकाच यंत्रणेबद्दल आहेत. तिच्याबद्दल मला ठामपणे सांगायचं आहे ते हे, की तिच्यात जोर किती आहे यापेक्षा तिला परकं ओळखता येतं का, ती वेळेवर पोचते का आणि काम झाल्यावर थांबते का, यावर आपलं बरंवाईट ठरतं.

प्रश्न : माझा नातू साडेतीन वर्षांचा आहे. जूनपासून बालवाडीत जातो. तेव्हापासून महिन्यातून एकदा तरी सर्दी-खोकला, कधी ताप. शेजारच्या बाई म्हणतात, प्रतिकारशक्ती कमी आहे, टॉनिक सुरू करा. कोणतं करावं? (आजी, बार्शी)

उत्तर : आजी, कोणतंच नको. सर्दी करणारे विषाणू दोनशेहून जास्त प्रकारचे आहेत आणि नातवाच्या शरीराने त्यातले फारच थोडे पाहिलेत. बालवाडीत जाणाऱ्या निरोगी मुलाला वर्षात आठ-दहा वेळा सर्दी होते, कधी त्याहून जास्तही. प्रत्येक वेळी त्याच्या पेशी एका नव्या विषाणूची ओळख करून घेतात, आणि ती ओळख बाटलीतून देता येत नाही. तो दोन सर्दींच्या मधल्या दिवसांत खेळतो का, जेवतो का, अंगणवाडीच्या तक्त्यावर त्याचं वजन चढतंय का, एवढं पाहा. चढत असेल तर निर्धास्त राहा.

काळजीची लक्षणं वेगळी असतात: वर्षात दोनदा न्यूमोनिया, खोलवर होणारे गळू, वर्षाचा झाल्यावरही तोंडात सतत पांढरी बुरशी, वजन अडकणं, घरात एखादं मूल जंतुसंसर्गाने लहानपणी दगावलेलं असणं. यातलं काही असेल तर रक्ताच्या खास तपासण्या कराव्या लागतात. आणि दर सर्दीला मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून देत असाल तर कृपा करून थांबवा. विषाणूंवर ते चालतच नाही.

प्रश्न : उसाला पाणी देताना टाचेत बाभळीचा काटा मोडला. आईने बिब्ब्याचा चटका दिला. पाऊल सुजलं, पू झाला, जांघेत अवधाण आलं. बिब्बा लागला त्याच्याभोवती बारीक फोडही उठले. जखम टाचेला, मग गाठ जांघेत का? आणि पू झाला म्हणजे रक्त खराब झालं का? (शेतकरी, अकलूजजवळ)

उत्तर : तुमच्या एका पायात या विषयाचा जवळजवळ सगळा धडा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

काट्याबरोबर मातीतले आणि तुमच्याच कातडीवरचे जिवाणू आत गेले. कातडीखाली मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी कायम मुक्कामाला असतात. हा जिवाणू नेमका कोणता हे त्यांना कळत नाही. पण जिवाणूंच्या भिंतीत काही रेणू असे असतात की जे माणसाच्या पेशींत कधीच नसतात. ते लागले की मॅक्रोफेज रसायनं सोडतात, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि झिरपू लागतात. लाली, गरमपणा, सूज, ठणका, सगळं त्यातून येतं. काही तासांत त्या वाहिन्यांतून न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी बाहेर पडतात. हाडांतल्या मगजात रोज सुमारे १० हजार कोटी न्यूट्रोफिल तयार होतात. त्या जिवाणूंना गिळतात, आत मारतात आणि बहुतेक स्वतःही मरतात. तुमच्या टाचेतून निघालेला पू म्हणजे या मेलेल्या पेशी, मेलेले जिवाणू आणि विरघळलेल्या मांसाचा चुरा. रक्त खराब झालेलं नाही. रक्तातल्या पेशी जागेवर पोचल्या, एवढाच त्याचा अर्थ.

हे ज्याने पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं त्यानेही काटाच वापरला होता. इल्या मेचनिकॉव्ह हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ १८८२ मध्ये इटलीतल्या मेसिना गावी राहत होता. तारामाशाच्या पारदर्शक अळीत त्याने बागेतल्या गुलाबाचे काटे टोचून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला होता. या अळीला रक्तवाहिन्या नसतात, तरी पेशी चालत तिथवर आल्या होत्या. या कामासाठी त्याला १९०८ चं नोबेल पारितोषिक मिळालं. वैद्यकाच्या इतिहासातला मला सर्वांत आवडणारा प्रयोग हाच. उपकरण म्हणाल तर एक काटा आणि एक सूक्ष्मदर्शक.

आता जांघेकडे येऊ. जखमेत डेंड्रायटिक नावाच्या पेशीही असतात. त्या जिवाणूचा तुकडा उचलतात आणि लसवाहिन्यांतून (इथे लस म्हणजे टोचायची लस नव्हे, शरीरातला पातळ द्रव) पाय चढून जांघेतल्या लसग्रंथींत जातात. हाताला जखम असेल तर काखेत, घसा-दात दुखत असेल तर जबड्याखाली. या ग्रंथी म्हणजे आठवडी बाजाराची जागा: आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरचा माल आणि तो पारखणारे, दोघांची गाठ इथेच पडते. पारखणाऱ्या म्हणजे टी आणि बी लिम्फोसाइट पेशी. यातल्या प्रत्येक पेशीच्या अंगावर एकाच आकाराचे ग्राही, म्हणजे जुळणारा तुकडा पकडणारे रेणू, असतात आणि ती तेवढंच ओळखते. तुमच्या टाचेतल्या जिवाणूला जुळणाऱ्या पेशी लाखांत काही थोड्याच. ती जुळणी झाली की ती पेशी दुणावत जाते, एकीच्या हजारो होतात, आणि ग्रंथी फुगते. तेच तुमचं अवधाण. याला चार दिवस ते आठवडा लागतो. तोवर किल्ला न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज यांनीच लढवायचा असतो.

वाढलेल्या बी पेशींतल्या काहींचं रूपांतर अँटिबॉडी तयार करणाऱ्या पेशींत होतं. अँटिबॉडी जिवाणूला चिकटली की भक्षक पेशींना तो पकडणं सोपं जातं. टी पेशींतल्या काही इतर पेशींना कामाला लावतात, काही विषाणू शिरलेल्या आपल्याच पेशी मारून टाकतात. जगात येऊ घातलेल्या जंतूंचे आकार आधीपासून कसे माहीत, असं तुम्हाला वाटेल. ते माहीत नसतातच. माणसाची जनुकं वीस हजारांच्या आसपास, पण बी पेशी आपल्या जनुकांचे तुकडे कापून नव्या नव्या क्रमाने जोडतात आणि त्यातून कोट्यवधी आकार निघतात. सुसुमु टोनेगावा यांनी हे दाखवून दिलं, त्यासाठी त्यांना १९८७ चं नोबेल मिळालं. लढाई संपली की बहुतेक पेशी मरतात, थोड्या मागे राहतात. तोच जंतू पुन्हा आला तर आठवड्याचं काम त्या दोन-तीन दिवसांत उरकतात.

बिब्ब्याबद्दल. त्याचं तेल कातडी भाजतं हे आईंना माहीत असेलच. शिवाय काहींच्या टी पेशी त्या तेलाला परकं ठरवतात, आणि मग बिब्बा उततो. एक-दोन दिवसांनी आजूबाजूला खाज, फोड, पाणी. पुढच्या वेळी ते आणखी लवकर आणि जास्त होईल. पुण्याच्या बाजूने सगळीकडे पसरलेल्या गाजरगवतामुळे खुरपणाऱ्या बायकांच्या हातांना, मानेला जो इसब होतो तोही याच जातीचा. आईंच्या हाताला यश असेल, तरी बिब्बा नको.

जी गोष्ट तातडीची आहे ती धनुर्वाताची. त्याचे जिवाणू मातीत, शेणात बीजरूपाने पडून असतात आणि काट्याच्या खोल, बंद जखमेत त्यांना हवं ते मिळतं. त्यांचं विष इतकं जहाल आहे की जीव घेणारी मात्राही प्रतिकार यंत्रणेला ओळख पटण्याइतकी नसते. म्हणून धनुर्वातातून वाचलेल्या माणसालाही त्याचं संरक्षण मिळत नाही, त्यालाही लस द्यावीच लागते. अशा मळलेल्या जखमेच्या वेळी शेवटचं इंजेक्शन पाच वर्षांपूर्वीचं किंवा त्याआधीचं असेल तर आजच्या आज घ्या. काट्याचा तुकडा आत असेल तो काढून घ्या, तो आहे तोवर पू होतच राहणार. पायावर लाल रेघ चढताना दिसली, थंडी वाजून ताप आला किंवा तुम्हाला साखर असेल, तर घरी थांबू नका.

प्रश्न : बाळ दीड महिन्याचं आहे. जन्मानंतर डाव्या दंडावर दिलेल्या बीसीजीची आता गाठ झाली आहे, त्यातून पू येतो. लस बिघडली का? दुसरं, सासूबाईंच्या सांगण्यावरून पहिल्या दोन दिवसांचा चीक पिळून टाकला. त्याने नुकसान झालं का? आणि गोवराची लस नऊ महिन्यांनीच का, आत्ताच का नाही? (आई, चिपळूण)

उत्तर : लस बिघडलेली नाही, लागू पडली आहे. बीसीजीत क्षयाच्या जातकुळीतले दुबळे केलेले जिवंत जिवाणू असतात. दोन-तीन आठवड्यांनी गाठ येते, ती मऊ होते, फुटते, खपली धरते आणि काही आठवड्यांत व्रण उरतो. पिळू नका, हळद-मलम लावू नका, कोरडं ठेवा. काखेत मोठी गाठ आली तर मात्र दाखवा. ही लस बाळाला मेंदूच्या क्षयापासून आणि सर्वांगात पसरणाऱ्या क्षयापासून वाचवते. मोठेपणीच्या फुप्फुसाच्या क्षयावर तिचा भरवसा कमी.

चिकाबद्दल वाईट वाटतं, पण मागचं मनाला लावून घेऊ नका. तुमच्या दुधात अजूनही त्या अँटिबॉडी आहेत, फक्त चिकात त्या फार दाट असतात. त्या बाळाच्या आतड्याच्या अस्तरावर बसून जंतूंना चिकटू देत नाहीत. घरात पुढचं बाळंतपण कुणाचं असेल तर तिच्यासाठी तुम्ही बोला. सासूबाईंना हे वाचून दाखवा, माझं नाव सांगा.

गोवराचं उत्तर तुमच्याच रक्तात आहे. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत वारेतून तुमच्या अँटिबॉडी बाळात उतरल्या. (म्हणून सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळांना त्या कमी मिळतात आणि त्यांना जास्त जपावं लागतं.) या अँटिबॉडी शिल्लक असताना लस दिली तर त्या लसीतला विषाणूच निष्प्रभ करतात, बाळाच्या पेशी काही शिकतच नाहीत. त्या ओसरल्या की नऊ महिने पूर्ण झाल्यावर पहिला आणि सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा डोस. ही तारीख चुकवू नका. गोवर येऊन जातो आणि जाताना शरीराने जमवलेल्या जुन्या ओळखी पुसून जातो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गोवर झालेल्या मुलांच्या आधीच्या अँटिबॉडींपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशा झालेल्या आढळल्या. म्हणजे गोवरानंतर ते मूल न्यूमोनियाला, जुलाबांना पुन्हा कोरं सापडतं. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली आणि मुलं दगावली, तेव्हाही लसीविना राहिलेल्या मुलांचा प्रश्नच पुढे आला होता. गोवर म्हणजे देवीचा फेरा, तो येऊन गेलेला बरा, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

प्रश्न : शाळेतून येताना कुत्रं पोटरीला चावलं, रक्त आलं. सरकारी दवाखान्यात लस दिली, वर जखमेतही इंजेक्शनं दिली. ती फार दुखली. लस दिल्यावर ती कशाला? (शिक्षिका, नाशिक)

उत्तर : बाई, ती दुखणारी इंजेक्शनंच पहिल्या आठवड्यात तुमचं रक्षण करतात. लस म्हणजे शरीराला दिलेली ओळख, आणि तिच्यातून अँटिबॉडी यायला आठवडा तरी लागतो. रेबीजचा विषाणू तेवढ्यात पोटरीतल्या मज्जातंतूत शिरून मेंदूची वाट धरू शकतो. लक्षणं दिसल्यावर उपचार जवळपास नाहीच. म्हणून मधल्या दिवसांसाठी बाहेर तयार केलेल्या अँटिबॉडी थेट जखमेत भरतात. त्या काही आठवड्यांत विरून जातात, मागे काही शिकवून जात नाहीत. तोवर तुमच्या स्वतःच्या अँटिबॉडी तयार झालेल्या असतात, पण सगळे डोस घेतले तरच. दंडात देत असतील तर ०, ३, ७, १४ आणि २८ वा दिवस, कातडीत देत असतील तर ०, ३, ७ आणि २८.

सर्पदंशावरची लस म्हणतो तीही याच जातीची. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांचं विष घोड्यांना थोडं थोडं टोचतात आणि त्यांच्या रक्तातून अँटिबॉडी वेगळ्या करतात. मुंबईच्या परळमधली हाफकिन संस्था या कामासाठी प्रसिद्ध आहे. ज्यांच्या नावाने ती ओळखली जाते त्या वाल्डेमार हाफकिन यांनी १८९७ च्या जानेवारीत, मुंबईत प्लेग पेटलेला असताना, आपली प्लेगची लस आधी स्वतःच्या अंगावर टोचून घेतली होती.

तुमच्या विद्यार्थ्यांना दोन गोष्टी सांगा. कुत्रं चावलं, ओरखडलं तर पहिल्यांदा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची. आणि ओरडा बसेल म्हणून घरी लपवायचं नाही. माझ्याकडे येणाऱ्या मुलांत लपवणारी मुलं फार असतात. तुम्ही स्वतः हे पूर्ण डोस जपून नोंदवून ठेवा. पुन्हा कधी चावा झाला तर ० आणि ३ दिवशी दोनच डोस पुरतील, जखमेतली इंजेक्शनं लागणार नाहीत, कारण तुमच्या पेशींना आता रेबीज ठाऊक असेल.

प्रश्न : कोविडपासून घरात सगळे रोज गुळवेलीचा काढा घेतो, मी वर बूस्टरच्या गोळ्या घेतो. प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितकं चांगलं ना? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे)

उत्तर : नाही रे, आणि हे कोविडनेच सगळ्यात कठोरपणे शिकवलं. पहिल्या आठवड्यात विषाणू वाढायचा. पण दुसऱ्या आठवड्यात जे अत्यवस्थ झाले त्यांच्यापैकी अनेकांची फुप्फुसं त्यांच्याच प्रतिकाराच्या भडक्यात निकामी झाली. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीचा निष्कर्ष आला: डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. हे औषध प्रतिकार यंत्रणेला दाबतं. त्या रुग्णांचे प्राण दाबण्यानेच वाचले. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना मात्र त्याचा काही फायदा झाला नाही.

पुढचं तू पुण्यात पाहिलं असशील. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत हेच औषध घाबरून लवकर, जास्त आणि साखर न तपासता दिलं-घेतलं गेलं. वाढलेली साखर आणि स्टेरॉइड, दोन्हींनी न्यूट्रोफिल लंगडे पडतात, आणि एरवी हवेत, मातीत असूनही आपल्याला न शिवणारी बुरशी नाकातून डोळ्यांपर्यंत गेली. म्युकरमायकोसिसचे महाराष्ट्रात हजारो रुग्ण झाले, कितीकांचे डोळे काढावे लागले. एकच औषध, एकाच वर्षात, योग्य वेळी जीव देणारं आणि चुकीच्या वेळी घेणारं. त्या महिन्यांतली माणसं मी विसरू शकत नाही, म्हणून 'बूस्टर' लिहिलेली बाटली दिसली की मी आईबापांना बसवून हे सगळं सांगते.

गुळवेल निरुपद्रवी असते असं धरून चालू नकोस. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये ती घेतल्यानंतर यकृताला सूज आलेले सहा रुग्ण नोंदवले. प्रतिकार यंत्रणाच यकृतावर उलटते तसं त्यांचं चित्र होतं. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष मान्य केला नाही. पण निरोगी माणसाने वर्षानुवर्षं रोज घ्यावी असा पुरावा कुणीच दिलेला नाही, मग जोखीम कशासाठी? डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली तर त्याच दिवशी बंद कर आणि रक्त तपास.

खरोखर उपयोग होणाऱ्या गोष्टी साध्या आहेत. पुरेशी झोप, डाळ-अंडी-दूध यांतली प्रथिनं, तंबाखू-सिगारेट बंद, साखर आटोक्यात, वेळेवर लसी. कुपोषित मुलाची थायमस ग्रंथी, जिथे टी पेशी तयार होतात, ती अक्षरशः सुकते. त्याला गोळी नको, जेवण हवं. मेसचं ताट अर्धं टाकून गोळ्यांवर पैसे घालवत असशील तर ते पैसे अंड्यांना लाव.

प्रश्न : मला आमवातासारखा संधिवात आहे. डॉक्टर म्हणाले, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटली आहे, आणि मेथोट्रेक्झेट दिलं. ते प्रतिकार कमी करतं असं वाचलं. मग वरून काढा घेऊन भरपाई करू का? (गृहिणी, बेळगाव)

उत्तर : करू नका. टी पेशी थायमसमध्ये तयार होताना त्यांची परीक्षा होते. बहुतेक पेशी नापास होऊन तिथेच मरतात, त्यांत आपल्याच शरीराला परकं समजणाऱ्याही असतात. तरी काही निसटतात. त्यांना आवर घालायला नियामक टी पेशी असतात. शिमोन साकागुची, मेरी ब्रंकॉ आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चं नोबेल या शोधासाठीच मिळालं. तुमच्या सांध्यांत हा आवर सुटला आहे. तिथे आणखी चेतवणारं काही घालणं म्हणजे दुखणं वाढवणं, शिवाय काढा आणि मेथोट्रेक्झेट या दोघांचाही भार एकाच यकृतावर.

मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकाच ठरलेल्या वारी घ्यायचं, रोज नाही. रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत, म्हणून तो वार कॅलेंडरवर लाल शाईने लिहा आणि घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा. फॉलिक ॲसिडची गोळी सांगितली असेल ती सोडू नका. रक्ताची आणि यकृताची तपासणी दिलेल्या तारखेला करा. फ्लू आणि न्यूमोनियाची लस घ्यायची का ते डॉक्टरांना विचारा. बहुधा ते हो म्हणतील. जिवंत जंतू असलेली लस मात्र त्यांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही. आणि गोळीच्या वारीच ताप असेल, तर ती घेण्याआधी त्यांना फोन करा.